अंगणात पुरलेली तेलाची टाकी काढताना

मागच्या वर्षी माझा मावसभाऊ आणि वहिनी मध्य न्यू जर्सीत घर शोधत होते. एका शनिवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. घर १९५८ सालचं, पण निगुतीनं ठेवलेलं. वहिनी स्वयंपाकघर बघत होती, भाऊ एजंटला छपराचं वय विचारत होता. मी सरळ बेसमेंटमध्ये उतरले. समोरच्या भिंतीतून, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, दोन तांब्याच्या नळ्या बाहेर आलेल्या होत्या. करंगळीपेक्षा बारीक, चार बोटं लांब, टोकं हातोडीनं चेपून बंद केलेली. भिंतीबरोबर त्यांनाही पांढरा रंग मारलेला होता, त्यामुळे सहज नजरेत येत नव्हत्या. मी भावाला हाक मारून खाली बोलावलं आणि म्हटलं, "घर आवडलंय ना? मग सही करायच्या आधी या नळ्या कुठे जातात ते शोध."

एके काळी त्यातल्या एका नळीतून अंगणातल्या टाकीतलं तेल बर्नरकडे यायचं आणि उरलेलं दुसरीतून परत टाकीत जायचं. घरात आता गॅसची भट्टी होती, विकणाऱ्यानंही "गॅस हीटिंग" असंच लिहिलं होतं आणि ते खरंच होतं. पण नळ्या आहेत म्हणजे कधीतरी टाकी होती, आणि ती काढल्याचा कागद कोणी दाखवत नसेल, तर ती अजून मातीत आहे असंच धरून चालायचं.

मला हे कळायचं कारण म्हणजे आमच्याच घराच्या बेसमेंटमध्ये अशा नळ्या होत्या. घर घेताना आम्ही त्या पाहिल्या नाहीत आणि मागची टाकी पुढे आम्हालाच निस्तरावी लागली. एडिसन, पिस्कॅटवे, ब्रिजवॉटर या भागांत आपली कितीतरी माणसं पन्नास-साठ वर्षं जुनी घरं घेतात. म्हणून यातलं मला जे कळलं ते सगळं सविस्तर सांगते.

तेल अंगणात आलं कुठून

अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्याचे चार-पाच महिने घर गरम ठेवावंच लागतं. आधी लोक कोळसा जाळायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जी घरं झपाट्यानं उभी राहिली, त्यांतल्या बऱ्याच वस्त्यांपर्यंत गॅसची लाइन पोचलेली नव्हती, म्हणून तिथे तेलावर चालणाऱ्या भट्ट्या बसल्या. हे तेल डिझेलचं सख्खं भावंड. वासाला आपल्या रॉकेलच्या जवळचं, पण थोडं जड. त्यात लाल रंग मिसळलेला असतो. त्याच्यावर रस्त्याचा कर नसतो, तेव्हा कोणी ते डिझेलऐवजी घालून ट्रक चालवू नये यासाठी ही खूण. आपल्याकडे रेशनच्या रॉकेलला निळा रंग असायचा तो याच विचारानं.

तेल साठवायला लोखंडी टाकी लागे. बेसमेंटमध्ये मावणारी टाकी साधारण २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरच्या थोडी वर. अंगणात पुरलेली बहुतेक वेळा ५५० गॅलनची, म्हणजे २,०८० लिटरच्या आसपास, आणि मोठ्या घरांना १,००० गॅलनचीही असे. हिवाळ्यात तेलवाल्याचा ट्रक यायचा, अंगणातल्या पाइपाला नळी जोडून टाकी भरून जायचा.

पुढे गॅस आला. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर बऱ्याच जणांनी गॅसकडे मोर्चा वळवला, बाकीचे हळूहळू वळले. भट्टी बदलणारा माणूस तांब्याच्या नळ्या कापायचा, टोकं चेपायचा आणि निघून जायचा. अंगणातल्या टाकीकडे कोणी बघितलं नाही. कित्येकदा तिच्यात शे-दोनशे गॅलन तेल तसंच राहिलं. घर एकदा विकलं गेलं, दोनदा विकलं गेलं, आणि टाकी आहे हे माहीत असलेलं माणूसच उरलं नाही.

टाकी सडते कशी

लोखंड मातीत गंजणार हे कोणीही सांगेल. पण ही टाकी आतूनही गंजते, आणि आतलं गंजणं जास्त फसवं असतं. टाकीत तेलाच्या वर हवा असते. रात्री गारठा पडला की त्या हवेतलं बाष्प आतल्या पत्र्यावर दवासारखं जमतं आणि खाली ओघळतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी तळाशी जाऊन बसतं. वर्षानुवर्षं टाकीच्या पोटात बोटभर पाणी साचून राहतं, त्या पाण्यात जिवाणू वाढतात, त्यांच्या आम्लानं तळाचा पत्रा खाल्ला जातो. बाहेरून ओली चिकणमाती आपलं काम करतच असते. अशी टाकी एकदम फुटत नाही. आधी टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं, मग शेजारी आणखी एक.

त्या भोकावर बऱ्याचदा गंजाची खपली आणि आतला काळा गाळ चिकटून बसतो. त्यामुळे गळती वर्षभर थांबल्यासारखी होते, मग खपली हलते आणि पुन्हा सुरू होते. वापरातल्या टाकीचा मालक म्हणतो, "तेल काही जास्त जळत नाही, म्हणजे टाकी ठीक आहे." थेंबाथेंबानं जाणारं तेल हिवाळ्याच्या बिलात दिसत नाही.

बाहेर पडलेलं तेल सरळ खाली झिरपतं. वाटेत चिकणमातीचा थर लागला तर त्यावरून आडवं पसरतं. भूजलापर्यंत पोचलं तर पाण्यावर तवंग धरून तरंगतं आणि पाण्याच्या ओढीबरोबर सरकतं, कधी शेजाऱ्याच्या हद्दीतही जातं. घराच्या पायाशी मुरलं तर बेसमेंटमध्ये वास येऊ लागतो. जिथे अजून विहिरीचं पाणी पितात, तिथे हे जास्त गंभीर होतं.

कायदा कोणाला धरतो

पेट्रोल पंपांच्या जमिनीखालच्या टाक्यांसाठी अमेरिकेत १९८४ पासून केंद्राचा कायदा आहे. घर गरम करायला त्याच जागी वापरलेल्या तेलाची टाकी मात्र त्यातून वगळलेली आहे. म्हणून "घरगुती टाकीला काही नियम नाहीत" असं लोक तुम्हाला ठामपणे सांगतील. त्यांचं ऐकू नका. केंद्र बाजूला झालं तिथे राज्यं पुढे आली आहेत, आणि न्यू जर्सीचा १९७६ चा सांडलेल्या तेला-रसायनांविषयीचा कायदा देशातल्या कडक कायद्यांपैकी एक आहे.

त्याचा अर्थ साध्या शब्दांत असा. तेल मातीत गेलं असेल तर चूक कोणाची हे आधी ठरवत बसत नाहीत. जमीन आज ज्याच्या नावावर आहे त्याला साफ करायला सांगतात. गळती चाळीस वर्षांपूर्वीची असेल, तुम्ही त्या टाकीतलं थेंबभर तेल जाळलेलं नसेल, तरीही. घेण्याआधी नीट चौकशी केलेली नसेल तर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही. आधीच्या मालकावर दावा लावता येतो, पण तो सापडायला हवा, त्याच्याकडे पैसे हवेत आणि तुमच्याकडे वकिलाची फी भरायची तयारी हवी.

टाकी काढायला किंवा जागच्या जागी बंद करायला गावाच्या बांधकाम कार्यालयाचा परवाना लागतो. तिथला निरीक्षक येऊन खड्डा बघतो. गळती दिसली तर राज्याच्या पर्यावरण खात्याच्या हॉटलाइनला त्याच वेळी कळवावं लागतं. बहुतेक वेळा कंत्राटदारच फोन लावतो आणि तुमच्या घराच्या नावे एक केस नंबर तयार होतो. त्या नंबराची भीती अनेकांना वाटते. मला वाटतं ती उलट्या जागी ठेवलेली भीती आहे. केस उघडली म्हणजे ती बंदही होते, आणि बंद झाल्याचं खात्याचं पत्र मिळतं. लपवलेल्या गळतीला असं पत्र कधीच मिळत नाही.

शोधायची कशी

बेसमेंटमधल्या नळ्यांचं सांगितलंच. नळ्या कापून भिंतीत गिलावा भरलेला असेल तर गिलाव्याचे दोन छोटे गोल डाग दिसतात. फरशीवर जुन्या पाइपाच्या जागी सिमेंटची पट्टी असते. बाहेर घराला लागून, झुडपाच्या मागे, छत्रीसारखं टोपण असलेला एक पाइप उभा असतो, तो हवेचा. भरण्याच्या दोन इंची पाइपाचं तोंड जमिनीलगत, लोखंडी झाकणाखाली असतं. गवताचा एखादा आयताकृती पट्टा थोडा खचलेला दिसला तरी विचारा.

यातलं काहीच दिसलं नाही तरी घर गॅस येण्याच्या आधीचं असेल तर तपासणी करून घ्या. घराची नेहमीची तपासणी करणारा माणूस टाकी शोधत नाही, ते काम वेगळं सांगावं लागतं. धातूशोधक यंत्र घेऊन माणूस अंगणभर फिरतो. शंका आली तर जमिनीत लहरी सोडून खालचा आकार दाखवणारं रडार आणतात. खर्च काही शे डॉलर. वेळ तास-दोन तास. पाच लाखांचं घर घेताना हे पैसे वाचवू नयेत, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

आणि हे सगळं सौदा पक्का व्हायच्या आधी. न्यू जर्सीत करारावर सह्या झाल्यावर वकिलांना तपासायला कामकाजाचे तीन दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत वकिलाला सांगून करारात टाकीचं कलम घालून घ्यायचं: टाकी सापडली तर विकणारा ती परवाना काढून बाहेर काढेल, माती तपासेल, आणि गळती असेल तर खात्याचं पत्र आल्याशिवाय व्यवहार पूर्ण होणार नाही. बाजार गरम असला की एजंट म्हणतो, अशी अट घातली तर घर हातचं जाईल. जाऊ द्यावं. पुष्कळ बँकाही पुरलेली टाकी असलेल्या घराला कर्ज द्यायला तयार नसतात, त्यामुळे विकणाऱ्याला आज ना उद्या हे करावंच लागतं.

काढायचा दिवस

आमची टाकी डेकसाठी खड्डा खणताना सापडली. कुदळ ठण्ण वाजली, एवढंच निमित्त. त्यानंतरचे दोन आठवडे मी प्रत्येक पायरीला अंगणात उभी होते, म्हणून हा भाग जरा मोठा झाला तर चालवून घ्या.

खणायच्या आधी ८११ या क्रमांकाला फोन करावा लागतो. निदान तीन कामकाजाचे दिवस आधी. मग वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं येऊन गवतावर रंगाच्या रेघा मारून जातात. वीज लाल, गॅस पिवळा, पाणी निळा, सांडपाणी हिरवा, टेलिफोन-केबल नारिंगी. आमच्या अंगणात गॅसची पिवळी रेघ टाकीपासून जेमतेम हातभर अंतरावरून गेली होती. हे न विचारता कोणी यंत्र लावलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करते. तुमच्या बागेला पाणी देणारी नळी किंवा शेडपर्यंत नेलेली वायर मात्र या रेघांत नसते, ती तुम्हीच दाखवायची.

ठरल्या दिवशी आधी पंपाचा ट्रक आला आणि टाकीत उरलेलं तेल, पाणी सगळं शोषून घेतलं. मग छोट्या जेसीबीनं वरची माती काढली. टाकीची पाठ उघडी पडली. ती तांबूस, खडबडीत, आणि माझ्या कल्पनेपेक्षा बरीच मोठी होती. कामगारानं वायू मोजायचं यंत्र भोकातून आत सोडलं. हे तेल पेट्रोलसारखं पटकन भडकत नाही, पण रिकाम्या टाकीतली वाफ पेट घेऊ शकते, म्हणून आकडा सुरक्षित आल्याशिवाय कापत नाहीत आणि कापतानाही ज्योतीचं हत्यार वापरत नाहीत. स्वतः घरी ग्राइंडर घेऊन असली टाकी कापायला कोणी जाऊ नये. तुमचा ओळखीचा माणूस कितीही हुशार असो, नको.

वरच्या बाजूला माणूस जाईल एवढी खिडकी कापली. पांढरा कागदी अंगरखा, मुखवटा घातलेला एक जण आत उतरला आणि खराट्यासारख्या रबरी पट्टीनं तळाचा गाळ ओढून गोळा करू लागला. काळा, दाट, काजळात तेल कालवल्यासारखा. तो पिंपात भरला गेला, शोषक कापडानं आतला पत्रा पुसला गेला. साफ केल्याशिवाय टाकी उचलत नाहीत, कारण उचलताना ती दुमडली तर सगळा गाळ खड्ड्यात जाईल.

मग साखळी बांधून टाकी वर उचलली आणि प्लास्टिकच्या कापडावर ठेवली. कंत्राटदारानं फावड्यानं तळाची चिकणमाती खरवडली आणि हातोडीनं हलकेच ठोकत ठोकत पुढे गेला. एका जागी आवाज बदलला. गंजाची रुपयाएवढी खपली पडली आणि आत पेन्सिल जाईल एवढं भोक दिसलं. आणखी वीतभर अंतरावर दुसरं. त्याच्या खालोखाल खड्ड्यात मातीचा रंग बघितला तर बाकी माती विटकरी आणि तेवढा पट्टा करडा-हिरवट. मूठभर माती त्यानं माझ्या नाकाशी धरली. रॉकेलच्या स्टोव्हजवळ अभ्यास करत मी लहानाची मोठी झाले, तो वास मला ओळखायला दुसरी मूठ घ्यावी लागली नाही.

निरीक्षक आला, बॅटरीच्या उजेडात भोकं बघितली, वहीत लिहिलं. हॉटलाइनला फोन गेला. त्या दिवशी खड्डा बुजवला नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: कंत्राटदार निरीक्षक यायच्या आधी "झालंच आहे, भरून टाकूया" म्हणाला तर थांबवा. खड्डा उघडा असतानाच खालच्या मातीबद्दल काही सिद्ध करता येतं. माती स्वच्छ दिसत असली आणि वास नसला तरी तळाचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवायला सांगा. त्याला थोडे जास्त पैसे पडतात, पण दहा वर्षांनी तुमचं घर घेणारा माणूस तेच विचारणार आहे.

गळती निघाली तर

पुढचं काम मातीखालच्या तपासणीचा परवाना असलेल्या तज्ज्ञाकडे जातं. वास आणि रंग जिथपर्यंत आहे तिथपर्यंत माती खणून काढतात, ताडपत्रीखाली ढीग लावतात आणि परवानगी असलेल्या जागी पाठवतात. खड्ड्याच्या चारही बाजूंचे आणि तळाचे नमुने प्रयोगशाळेत जातात. तिथे मातीत पेट्रोलियमचा अंश किती ते मोजतात आणि राज्यानं ठरवलेल्या मर्यादेशी ताडतात. जास्त असेल तर आणखी खणायचं. खड्ड्यात पाणी लागलं आणि त्यावर इंद्रधनुषी तवंग आला तर भूजलाची तपासणी करावी लागते, आणि तिथून काम आठवड्यांचं महिन्यांवर जातं.

खर्चाचं साधं चित्र सांगते. गळती नसलेली टाकी काढायला काही हजार डॉलर लागतात. थोडी गळती असेल तर दहा-वीस हजार सहज. घराच्या पायाखाली किंवा भूजलात तेल गेलं असेल तर याच्या कितीतरी पट. आमचं मधल्या प्रकारात बसलं, एका बऱ्या मोटारीच्या किमतीइतकं. ते पैसे मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेले होते.

विम्याबद्दल बहुतेकांना वाटतं की घराचा विमा आहे म्हणजे झालं. बऱ्याच पॉलिसींत प्रदूषणाचं नुकसान वगळलेलं असतं आणि स्वतःच्या जमिनीचं नुकसानही. न्यू जर्सीत मात्र भूजल ही सगळ्यांची, म्हणजे राज्याच्या ताब्यातली गोष्ट मानतात. म्हणून तेल भूजलात गेलं असेल तर ते दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान ठरतं आणि काही जुन्या पॉलिसींतून पैसे मिळालेले आहेत. तेव्हा गळती ज्या वर्षांत झाली असावी त्या वर्षांच्या पॉलिसी शोधा, आधीच्या मालकाकडेही विचारा, आणि टाकीच्या कामाचा अनुभव असलेल्या वकिलाला एकदा कागद दाखवा. टाकी अजून वापरात असेल तर तिच्यासाठी वेगळा विमा मिळतो, तो गळती होण्याच्या आधीच घ्यायचा असतो.

काम संपल्यावर तज्ज्ञ अहवाल पाठवतो, खातं तो तपासतं आणि "यापुढे काही करण्याची गरज नाही" असं पत्र देतं. अंगण पुन्हा समतल करून गवत लावायचं राहतं, ते कंत्राटात धरलंय का ते आधीच विचारा. आमच्यात नव्हतं.

काही वेळा टाकी बाहेर काढता येत नाही. तिच्यावर नंतर खोली बांधलेली असते किंवा पायाला धोका असतो. मग ती आतून साफ करून वाळू, पातळ काँक्रीट किंवा फोम भरून जागेवरच ठेवतात. परवाना त्यालाही लागतो. टाकीच्या तळाला भोकं पाडून खालच्या मातीचे नमुने घेता येतात आणि ते घ्यावेतच. तरी घर विकताना ही टाकी पुन्हा चर्चेत येते, म्हणून काढणं शक्य असेल तर काढावी.

टाकी लगेच काढणं जमत नसेल तर निदान तिच्यातलं तेल आजच उपसून घ्या. पण रिकामी करून वर्षानुवर्षं तशीच सोडू नका. रिकामा डबा बादलीत दाबून धरला की हात सुटताच उसळी मारतो. ५५० गॅलनची टाकी पूर्ण पाण्यात बुडाली तर पाणी तिला दोन टनांच्या जोरानं वर ढकलतं आणि तिचं स्वतःचं वजन काहीशे किलो. भूजल वर असलेल्या जागी पावसाळी हवेत रिकामी टाकी अंगण फोडून वर आलेली आहे.

बेसमेंटमधली टाकी आणि शिट्टी

बेसमेंटमध्ये उभी असलेली २७५ गॅलनची टाकी काढणं सोपं. पुरलेली नसल्यामुळे गळती दिसते, तेल उपसून, साफ करून, टाकी दोन भागांत कापून जिन्यानं वर नेता येते. पण इथे एक चूक घडते आणि तिच्यामुळे घरं राहण्यालायक उरलेली नाहीत.

तेलवाला बाहेर उभा राहून तेल भरतो, त्याला टाकी दिसत नाही. तो कानानं काम करतो. टाकीवर हवेच्या पाइपाच्या तोंडाशी एक शिट्टी बसवलेली असते. तेल आत शिरतं तशी हवा बाहेर पडते आणि शिट्टी वाजत राहते. तेल वरपर्यंत आलं की शिट्टी थांबते, तो पंप बंद करतो. कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद करणाऱ्या आपल्या घरांत हे पटकन कळेल, फक्त इथे शिट्टी थांबणं ही खूण आहे.

आता समजा टाकी काढली, पण बाहेरच्या भिंतीतला भरायचा पाइप तसाच राहिला. तेल कंपनीच्या यादीत जुना पत्ता राहून गेला किंवा ड्रायव्हर शेजारचं घर समजून तुमच्याकडे आला. त्यानं नळी जोडली, पंप सुरू केला. शिट्टी वाजली नाही तर थांबायचं असा नियम आहे, पण घाईत, थंडीत, रस्त्यावरच्या आवाजात माणूस चुकतो. काही मिनिटांत शेकडो गॅलन तेल सरळ बेसमेंटच्या फरशीवर. असे प्रकार झालेले आहेत, एकदा नाही, अनेकदा. लाकूड, भिंतीतलं प्लास्टरबोर्ड, पायाखालची माती सगळं तेल पितं.

म्हणून टाकी निघाली की त्याच दिवशी भरायचा आणि हवेचा असे दोन्ही पाइप भिंतीतून पूर्ण उपटून काढायचे आणि भोकं सिमेंटनं बुजवायची. नुसतं टोपण लावून भागत नाही, कारण टोपण उघडायची चावी तेलवाल्याकडे असतेच. आणि तेल कंपनीला लेखी कळवायचं की या पत्त्यावर यापुढे तेल द्यायचं नाही.

नदीकाठी किंवा किनाऱ्यावर घर असेल आणि बेसमेंटमधली टाकी अजून वापरात असेल तर ती जमिनीला पट्ट्यांनी बांधलेली आहे का ते बघा. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाचं पाणी न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कच्या बेसमेंटमध्ये शिरलं तेव्हा कितीतरी टाक्या तरंगल्या, आडव्या झाल्या, त्यांच्या नळ्या तुटल्या आणि पुराच्या पाण्यावर तेल पसरलं.

जपायचे कागद

परवाना आणि निरीक्षकाची सही असलेली मंजुरी. काढलेलं तेल आणि गाळ कुठे गेला त्याची पावती. टाकी भंगारात दिल्याची पावती. प्रयोगशाळेचा अहवाल. गळती असेल तर खात्याचं पत्र. आणि तुमचे स्वतःचे फोटो: उघडा खड्डा, बाहेर काढलेली टाकी, तिचा तळ. फोटोत घराचा एखादा कोपरा येऊ द्या म्हणजे जागा कळते. घर बदललं तरी यातल्या सगळ्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

मावसभावाच्या त्या घराच्या अंगणात टाकी निघाली. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, हायड्रेंजियाच्या झुडपामागे, ५५० गॅलनची. विकणाऱ्या आजोबांना खरोखरच माहीत नव्हतं, त्यांनी घर घेतलं तेव्हाही गॅसच होता. करारात कलम होतं म्हणून काम त्यांच्या खर्चानं झालं. ते खर्चाबद्दल हळहळले आणि मला त्यांचं वाईट वाटलं, कारण त्यांच्या जागी आम्ही उभे राहिलेलो आहोत. टाकीला भोक नव्हतं, नमुने स्वच्छ आले, व्यवहार पाच आठवडे उशिरा झाला. किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी वहिनीनं उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिलं आणि भाऊ बेसमेंटमध्ये उतरून त्या दोन नळ्या भिंतीलगत कापून आला. कागदांची जाड फाइल त्यांनी घराच्या खरेदीखताबरोबर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आहे.